गाडी ठोक्यानं

आमचे हे त्या दिवशी लातूरहून आले ते दारातच हसून राहिले. पावसानं रान धुऊन नेल्यापासून ह्या घरात कुणी हसलं न्हवतं, म्हणून मला आधी भ्याच वाटलं. चपला काढता काढता म्हणतात, "दानम्मा, गाडी आपली होऊन राहिली."

"कोणती गाडी?"

"कोणती म्हंजे? आपली. दहा चाकी."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. गाडी खाजाचाचाची. लातुरात चाचाचं ट्रान्सपोर्ट हाय, आमचे हे तिथं ड्रायव्हर. आमचं लग्न झालं त्याच साली ही गाडी नवी कोरी आली अन् चाचानं किल्ली ह्यांच्या हातात दिली. तवापासून दुसऱ्या कुणी तिचं स्टेरिंग धरलं न्हाई. मी तिला सवत म्हणायची. पण सवत कितीबी लाडकी असली तरी ती चाचाच्या नावावर हाय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग च्या पिता पिता ह्यांनी सगळं सांगितलं. चाचा आता थकले, कारभार त्यांचा पोरगा मुज्तबा बघतो. यंदा तेरणेला अन् मांजरेला पूर आला, सोयाबीन शेंगेतच कुजलं, डाळीच्या मिली अर्ध्या बंद पडल्या. माल न्हाई तर गाड्या उभ्या, अन् उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला पगार कोण देणार? तवा मुज्तबानं काढलं, ज्यानं त्यानं आपापली गाडी ठोक्यानं घ्यायची. रान जसं ठोक्यानं देतात तसंच. म्हैन्याला ठरलेला हप्ता चाचाला द्यायचा. डिझेल, टायर, दुरुस्ती, पासिंग सगळं आपलं. माल मात्र मुज्तबा देईल तोच भरायचा. अशी काही वर्सं निघाली की गाडी आपल्या नावावर. मधीच हप्ते थकले तर गाडी परत, अन् भरलेलं पाण्यात.

"अन् न्हाई घेतली तर?" मी म्हणलं.

"तर दुसरा घेईल. मग मला तिथं काम न्हाई." हे सांगतानाबी हसूनच राहिले. "पण न्हाई कशाला म्हणायचं? येळवसाचा सण झाला की सांगतो म्हणलो. दारावर पेंटरकडनं नाव काढून घ्यायचं. वर माझं, खाली तुझं."

"माझं नको. सवतीच्या दारावर मी कशाला?"

ह्यावर पुन्हा हसले. मला काय हसू आलं न्हाई.

गावात ही बातमी कुणी पोचवली देव जाणे, दुसऱ्या दिवशी फाट्याच्या पाटीवरच्या हॉटेलात ह्यांना सगळे 'काय मालक, च्या पाजा की' म्हणू लागले. ह्यांनी पाजला. एक डाव न्हाई, जो येईल त्याला पाजला. निलंग्याहून लाल गोंडे आणले, आरशाला बांधायला. नांदेडला आमची सृष्टी नर्सिंग शिकते, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणली, "पप्पा, गाडीचा फोटो पाठवा, स्टेटसला टाकते." मग हे भर दुपारी गाडी धुऊन, पुसून, तिच्या म्होरं उभं राहून फोटो काढून घेत होते, अन् फोटो काढणार कोण, तर मी. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, ही म्हण माझ्या ओठावर आली होती. पण ह्यांनी नवा शर्ट घातला होता, केसाला तेल लावलं होतं. म्हण गिळली अन् फोटो काढला.

खोटं कशाला बोलू, मलाबी ती गाडी हवी होती.

लग्न होऊन आले तवा ह्या घरात सासू न्हवती, नणंद न्हवती. एकटी बायको घरात कशी ठेवायची म्हणून ह्यांनी मला गाडीतच बसवलं. पहिलीच खेप धर्माबादची, मिरची भरायला. हमाल तोंडाला फडकी बांधून पोती टाकून राहिले अन् मी हिरवा चुडा घालून केबिनमधी बसले. सुटलो ते मी शिंकून शिंकून बेजार. देगलूरच्या अलीकडं नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली, कागद बघायला दार उघडलं, अन् तोबी शिंकाय लागला. "जा बाबा, जा," म्हणून त्यानं हात हलवला. आमचे हे पार पुढच्या गावापर्यंत हसले. नवऱ्याला पोटभर हसताना मी तवा पहिल्यांदा बघितलं.

चिंचेच्या सावलीला गाडी लावायची, चाकाच्या आडोशाला स्टो पेटवायचा. भात हेच टाकायचे, मला उठू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, घरी तू रांध, गाडीत मी रांधतो. किनवटच्या जंगलातनं जाताना एका वळणावर इंजिन बंद करायचे. "ऐक," म्हणायचे. काय ऐकायचं ते कधी सांगितलं न्हाई. सागाची पानं वाजायची, लांब कुटं मोर वरडायचा, अन् इंजिन गार होताना टिकटिक करायचं. त्यानंतर माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी 'ऐक' म्हणलं न्हाई, सगळ्यांनी ऐकवलंच.

सृष्टीला माहेराहून आणलं तीबी ह्याच गाडीतनं. सीटच्या मागं लुगड्याची झोळी बांधली होती. रस्त्याला खड्डा दिसला की हे गाडी इतकी हळू घ्यायचे की मागची गाडी हॉर्न वाजवून वाजवून थकायची. पोरगी शाळेत गेली अन् माझं गाडीत बसणं बंद झालं. पण खेप करून आले की केबिनमधनं कसली तरी पिशवी काढायचे. कधी पेरू, कधी हैदराबादच्या बांगड्या. आता मला सांगा, त्या गाडीवर आपलं नाव लागतंय म्हणल्यावर कुणाला नको वाटंल?

पण नको वाटून राहिलं होतं. का वाटून राहिलं ते सांगता येत न्हवतं, म्हणून मी भांड्यांवर राग काढून राहिले.

येळवस, म्हंजे रानात पूजा करून जेवायची अमावस्या, तोंडावर आली. आमचं रान म्हंजे ओढ्याच्या कडंचा तुकडा. पुरानं वरची माती खरडून नेली, खाली गोटे उघडे पडले. त्यातच हरभऱ्याचं बी टोचलं होतं, ते कुटं उगवलं, कुटं न्हाई. आम्ही दोघांनी गोटे येचून बांधाला लावले. हे वाकायचे अन् कंबर धरून उभं राहायचे. गाडीवर बसून बसून ह्यांच्या कंबरेची वाट लागलीय, ते कुणाला सांगत न्हाईत. मग कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली. कडबाबी यंदा शेजाऱ्याकडनं मागून आणला.

अमावस्येच्या दिवशी पहाटे उठून मी भाज्या-शेंगांची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, खीर केली. आंबील आदल्या दिवशीच आंबवून ठेवली होती. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन मी पुढं अन् टोपलं घेऊन हे मागं. कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली, ह्यांनी रानाला फेरी मारून आंबील शिंपडली. दरसाल फेरी मारताना ह्यांची आरोळी ओढ्यापल्याड ऐकू यायची. यंदा तोंडातल्या तोंडात पुटपुटले, अन् फेरी झाली की सरळ गाडीकडं गेले. गाडी रस्त्याच्या कडंला, आमच्या बांधालाच उभी होती. माल न्हवता तर कुटं जाणार? हे आपले केबिनमधी जाऊन बसले अन् फडक्यानं काच पुसून राहिले.

ताट वाढून मी हाक मारली. "आलो," म्हणले, आले न्हाईत. चारी बाजूच्या रानातनं माणसं दिसून राहिली, पाहुणे, लेकरं, झाडाला बांधलेले झोके. येळवसाला कुणीबी कुणाच्याबी रानात जाऊन जेवतं, न्हाई म्हणायची रीत न्हाई. ते बघता बघता मला माझा बाप आठवला अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

माझा बाप बटईदार. सगळा जन्म दुसऱ्याचं रान केलं. येळवस आली की घरचं जेवण सोडून तो भलत्याच रानात जायचा. पाडव्याला जे रान सुटणार, त्या रानात. सोबत आपल्या घरच्या आंबिलाचा तांब्या. जो बटईदार ते रान सोडून चाललाय त्याच्या शेजारी बसायचा, पहिली वाटी त्याला पाजायचा, अन् तो प्याला की इचारायचा, "आता सांग बाबा, रान कसं हाय?" बस्स. त्या माणसानं खरं सांगायचं, ही आमच्याकडची रीत. बटईदार मालकाशी खोटं बोलंल, पण येळवसाची आंबील पिऊन दुसऱ्या बटईदाराशी बोलायचा न्हाई. दोन रानं माझ्या बापानं अशी सोडली. दिसायला काळीभोर, अन् वीतभर खणलं की मुरूम. माझी आई म्हणायची, तुमच्या बापाचं डोकं न्हाई चाललं, आंबील चालली.

मी तांब्या अन् वाटी घेतली, पदर खोचला अन् गाडीकडं निघाले. त्या पायरीवर पाय टाकायची सवय सुटलेली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं दांडी धरून कशीबशी वर चढले.

"सरका."

"इथं कशाला चढलीस? मी येऊनच राहिलो होतो."

"नको. इथंच बसू."

केबिनमधी तोच वास होता, डिझेलचा, उदबत्तीचा अन् ह्यांच्या टावेलाचा. सीट फाटली होती, आतला काथ्या बाहेर आला होता, त्याच्यावर ह्यांनी माझं जुनं लुगडं घडी करून टाकलं होतं. मी वाटीत आंबील ओतली अन् ह्यांच्या हातात दिली. एका दमात प्याले. मिशा पुसल्या.

"आता सांगा," मी म्हणलं. "रान कसं हाय?"

"कोणतं रान?"

"हेच. ज्यात बसलो ते. मी माझ्या बापाच्या जागी बसले. तुम्ही सोडून चाललेले बटईदार. मी हे रान ठोक्यानं घेऊन राहिले, तुम्ही सांगा कसं हाय."

ह्यांना रीत ठाऊक होती. लग्नानंतर माझ्या बापानं ह्यांना ती किती डाव सांगितली असंल. हसले. "येडी हायेस का? गाडी म्हंजे काय रान हाय?"

"ठोक्यानं देतात ना? मग रानच."

"झकास हाय. इतकी वर्सं चालवली, एकदाबी रस्त्यात दगा दिला न्हाई. बस?"

"आंबील पिऊन बोलताव."

हसू हळूहळू गेलं. स्टेरिंगवर हात ठेवून रस्त्याकडं बघत बसले. मी तांब्या मांडीवर घेऊन वाट बघितली. माझा बापबी अशीच वाट बघायचा म्हणे.

"ऑइल पिते," हे म्हणले.

"किती?"

"हैदराबादला जाऊन येईस्तोवर एक डबा."

"चाचाला ठाऊक हाय?"

"न्हाई. मी टाकतो. भत्त्यातनं."

भत्ता घरी का येत न्हाई, असं मी किती वर्सं भांडले असंन. मला वाटायचं ढाब्यावर उडवतात. एकदा तर मी चार म्हैने अबोला धरला होता. अन् हा बाबा सवतीला तेल पाजून राहिला होता! राग असा आला की तांब्याच फेकावा. पण मी बटईदार होऊन बसले होते, बायको होऊन बसले न्हवते. "आणखी?" म्हणलं.

"तिसरा गिअर सुटतो. हातानं धरून ठेवावा लागतो. चढाला भरलेली असली की खांदा दुखतो."

"आणखी?"

"मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. क्लिपा मारून चालवतो." आवाज खाली गेला. "चेसीला चीर हाय. बालाघाटाच्या उताराला तडकली होती. वेल्डिंग केलं. पोटभर माल भरला की तिथनं आवाज येतो. मी म्हणूनच माल जरा कमीच भरून घेतो. हमालांना सांगतो, बस झालं."

"पासिंग?"

"मागल्या टायमाला दोनदा परत पाठवली, मग झाली. पुढच्या टायमाला व्हायची न्हाई."

"मग एकदाबी दगा कसा दिला न्हाई?"

"मी देऊ दिला न्हाई."

एवढं बोलले अन् आपलंच बोलणं ऐकून स्टेरिंगवरच्या हातांकडं बघून राहिले. पल्याडच्या रानात कुणाची तरी लेकरं ओरडत पळून राहिली. माझ्याच्यानं ह्यांच्या तोंडाकडं बघवंना, तरी बोलले. थांबले असते तर पुन्हा बोलताच आलं नसतं.

"म्हंजे गाडी चांगली न्हाई. तुमचा हात चांगला हाय. आजवर त्या हाताला चाचा पगार देत होते. आता त्याच हातानं तुम्ही चाचालाच हप्ता देणार. माल भरपूर असता तर मुज्तबानं गाडी सोडली असती का? घी देखा, पण बडगा न्हाई देखा, अशी गत हाय आपली."

"पोरगा वाईट न्हाई," हे म्हणले.

"मी कुटं वाईट म्हणते? त्याला त्याचं बघावं लागतं. शेवटचं इचारते अन् उतरते. तुम्ही जुने बटईदार. तुम्ही असता तर हे रान पुन्हा केलं असतं का?"

ह्यांनी किल्लीला हात लावला, उगीच फिरवली, पुन्हा सोडली. गोंडे आरशाला बांधलेले होते, त्यातला एक धरून मुठीत दाबला.

"न्हाई," म्हणले.

मी जिंकले, पण मला रडू कोसळलं. मनातनं मला वाटून राहिलं होतं की ह्यांनी 'हाव, केलं असतं' म्हणावं. हाव म्हणले असते तर मी भांडले असते, अन् भांडून भांडून शेवटी दारावर खाली माझं नाव लावून घेतलं असतं. हे मला त्या 'न्हाई'नंतर कळलं. ह्यांनी माझ्याच हातातला तांब्या घेऊन माझ्यासाठी वाटी भरली. दोघं तिथंच जेवलो. कोपीतलं ताट मी वर आणलं, उंडे अन् भज्जी, मांडीवर ठेवून. किती वर्सांनी गाडीत जेवलो.

येळवस झाली अन् आम्ही गाडी घेऊन लातूरला निघालो. मी म्हणलं, मी येते. ह्यांनी न्हाई म्हणलं न्हाई. वाटेत तिसरा गिअर ह्यांनी हातानं धरून ठेवलेला मी पहिल्यांदा नीट बघितला. पूर्वी त्याच हातावर मी हात ठेवायची, तवा वाटायचं, माझा हात सोडायचा न्हाई म्हणून गिअर धरून बसलेत.

खाजाचाचा हापिसाबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. लई वाळले होते. मला बघून म्हणले, "आव बेटी. आंबील नै लायी?" दरसाल चाचा आमच्या रानात येळवसाला यायचे, यंदा पाय चालंनात. मी डबा अन् बाटली दिली. बाटलीतली आंबील चाचानं तिथंच झाकण उघडून प्यायली.

मुज्तबा आतनं आला. बोलायला गोड पोरगा. "काय काका, ठरलं?"

"न्हाई घेत," आमचे हे म्हणले. अन् मग जे आंबील पिऊन मला सांगितलं ते सगळं उभ्या उभ्या त्याला सांगितलं. ऑइल, गिअर, पाटा, चेसी. "जो कुणी घेईल त्याला एवढं सांग बाबा. चेसीचं तरी सांगच."

"ते आमचं आम्ही बघू, काका," मुज्तबा म्हणला, अन् हापिसातल्या पोराला ताडपत्री, रस्सी अन् जॅक मोजून घ्यायला लावलं. आमच्या ह्यांनी गाडीतली एक खीळसुद्धा कधी घरी आणली न्हाई. ते बाजूला उभं राहून मोजणी बघत राहिले. मी केबिनमधनं माझं लुगडं अन् गोंडे काढून पिशवीत भरले.

ह्यांनी किल्ली मुज्तबाला दिली न्हाई. चाचाच्या हातात दिली. चाचानं ती घेतली अन् ह्यांचा हातच धरून ठेवला. "मेरे कू कोई गाडी लेता क्या पूछता तो मैं बी नक्को बोलता, बालाजी," हळूच म्हणले. पोराला ऐकू जाऊ न देता म्हणले. चाचाच्या डोळ्यात पाणी होतं, आंबिलाचं न्हवे.

"गाडी लायनीत लावून जातो," आमचे हे म्हणले. आडवीच उभी होती.

"राहू द्या काका," मुज्तबा म्हणला. "दुसरा लावंल."

एसटी स्टँडवर आम्ही चालतच आलो. निलंग्याची गाडी लागली होती, पुढची सीट मिळाली, ड्रायव्हरच्या मागचीच. बसल्यावर हे म्हणले, "कारखान्यावर ट्रॅक्टरला माणूस पाहिजे म्हणून राहिले. ऊस चालू हाय तोवर." दहा चाकीवरच्या ड्रायव्हरानं ट्रॅक्टर चालवायचा. मी म्हणलं, "जावा. कारखाना जवळ हाय, जेवायला घरी याल."

"हाव," म्हणले.

औसा सोडलं अन् माझं ह्यांच्या पायाकडं लक्ष गेलं. एसटीच्या म्होरं म्हैस आली, ह्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला गेला. गतिरोधक आला, पुन्हा दाबला. आधी मला वाटलं पायात गोळा आला. "काय होऊन राहिलं?" म्हणलं. "काय न्हाई," म्हणले अन् खिडकीबाहेर बघून राहिले. पण पाय आपला चालूच. खड्डा आला की हळू, वळण आलं की हळू. समोरचा ड्रायव्हर उशीर करायचा, ह्यांचा पाय आधीच खाली.

मला हसू आलं. गुडघ्यावर हात ठेवून 'आता सोडा' म्हणावं असं वाटलं. न्हाई म्हणलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून मी रस्त्याकडं बघत बसले. निलंगा येईस्तोवर ह्यांनी एकबी ब्रेक चुकवला न्हाई.